गिअर कोण बदलतो?

पुण्याला बिनगिअरची सवय दुचाकीने लावली. 1984 साली कायनेटिक होंडा आली. पट्टा, दोन पुली आणि वेगाबरोबर बाहेर सरकणारे रोलर, एवढ्यावर तिचं काम चाले. पट्टा झिजला तर डोळ्यांना दिसे आणि नाना पेठेतून नवा आणता येई. चारचाकीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र वेगळ्या वंशाचा. त्याचं मूळ अमेरिकेत आहे.

जनरल मोटर्सने 1940च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ दिला. गिअर कधी बदलायचा हे त्यात तेलच ठरवी. एका बाजूने गाडीच्या वेगाचा दाब, दुसऱ्या बाजूने ॲक्सिलरेटरचा. या रस्सीखेचीत झडप सरकली की गिअर पडे. मला हा प्रकार आजही अचाट वाटतो. आकडेमोड करणारं तेल!

1980च्या दशकापासून ही आकडेमोड कॉम्प्युटरकडे जाऊ लागली. ताकद तेलाचीच राहिली, हुकूम मात्र विजेचा झाला. हुकूम पोचवणारा निरोप्या म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड: तांब्याच्या तारेची कॉइल आणि आत लोखंडी दांडा. वीज आली की दांडा सरकतो आणि तेलाची वाट उघडते किंवा बंद होते.

मर्सिडीज-बेंझ 1994 साली भारतात आली. टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात तिच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. चाकणचा कारखाना 2009चा. याच कंपनीचा 1996चा पाच गिअरचा 722.6 हा गिअरबॉक्स या नव्या व्यवस्थेचा चांगला नमुना आहे. त्यात सहा सोलेनॉइड आहेत. तीन गिअर बदलण्यासाठी, उरलेले दाब आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचसाठी. ते ज्या प्लेटला जोडलेले असतात तिच्यावरच वेग मोजणारे सेन्सर, आणि सगळंच गरम तेलात बुडालेलं. बाहेर येणाऱ्या तेरा पिनांच्या प्लगचं सील गेलं, की तेल वायरिंगमधून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं.

आपल्याकडची अडचण इथे सुरू होते. पुण्यात मेकॅनिकचं गॅरेज वेगळं आणि वायरिंगवाल्याचं दुकान वेगळं. इंजिन, क्लच, गिअर एकाकडे. डायनॅमो, सेल्फ, हॉर्न दुसऱ्याकडे. सोलेनॉइड बरोबर दोघांच्या मधल्या भिंतीवर बसला आहे. वायरिंगवाला गिअरबॉक्स खोलत नाही आणि मेकॅनिक मल्टिमीटर धरत नाही. मग स्कॅनर लावतात, कोड येतो, आणि ‘पूर्ण गिअरबॉक्सच बदला’ असा लाखांतला सल्ला मिळतो. कोड सर्किटचं नाव सांगतो. दोष कॉइलचा, तारेचा, प्लगचा की कंट्रोल युनिटचा, हे त्याला माहीत नसतं.

दोन्ही कामं शिकलेल्या एका मेकॅनिककडे मी अशी एक गाडी पाहिली (मर्सिडीज नव्हे). कात्रजच्या चढावर एकदम झटका बसे आणि मग ती एकाच गिअरमध्ये अडकून राही. बंद करून थोड्या वेळाने चालू केली की पुन्हा ठीक. त्याने आधी तेलाची पातळी आणि रंग पाहिला. तेल जळकं नव्हतं, म्हणजे क्लचच्या प्लेटा शाबूत असाव्यात. प्लग उघडला, कोरडा. मग एकाच जातीच्या दोन्ही शिफ्ट सोलेनॉइडचा रोध मोजला. थंडपणी दोन्ही सारखे. इथे बरेच जण थांबतात आणि कॉम्प्युटरवर संशय घेतात. त्याने गाडी अर्धा तास फिरवून आणली आणि तापलेल्या तेलात पुन्हा मोजलं. एका सोलेनॉइडचं सर्किट तुटलेलं. तार बाहेरून धड होती. गरम झाली की आत कुठेतरी सुटत होती.

पॅन उतरवून त्याने चुंबकावरचा चुरा बोटांवर चोळून पाहिला. नुसती बारीक राखाडी भुकटी, धातूचे तुकडे नाहीत. तेव्हा कुठे तो म्हणाला, “आता नवीन सोलेनॉइड मागवा.” एक सोलेनॉइड, फिल्टर, गॅस्केट आणि तेल. बाकी गिअरबॉक्सला त्याने हातही लावला नाही.