सायकलचा दिवा कोणासाठी?

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी सुटली की जालना रस्त्याला लागणाऱ्या वाहनांमध्ये सायकली आता थोड्याच दिसतात. पण त्यांपैकी एखाद्या सायकलच्या हँडलला असा पांढराशुभ्र दिवा असतो, की समोरून पायी येणारा माणूस डोळ्यांवर हात धरून कडेच्या मातीत उतरतो. सायकलच्या दिव्याने कोणाचे डोळे दिपतील, हे पन्नास वर्षांपूर्वी कोणाला खरे वाटले नसते.

मुळात सायकलवर दिवा आला तो रस्ता दिसावा म्हणून नव्हे. ब्रिटनमध्ये १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलला वाहनाचा दर्जा दिला आणि सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयापूर्वी एक तास या वेळेत दिवा सक्तीचा केला. कशासाठी, तर सायकल येत आहे आणि ती कोठे आहे हे इतरांना कळावे म्हणून. तेलाच्या मिणमिणत्या दिव्याकडून याहून जास्त अपेक्षाही नव्हती. आपल्याकडे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने (आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे तो येथे नंतर लागू झाला) पोलिसांना अधिकार दिला तो वाहनांवरील दिव्यांची संख्या, जागा आणि वेळ ठरवण्याचा. प्रखरतेचा विचार त्यात नाही.

मधल्या काळात प्रकाश वाढतच होता. १८९२ मध्ये विल्सन यांना विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड बनवण्याची रीत सापडली आणि काही वर्षांतच सायकलवर कार्बाइडचे दिवे आले. कार्बाइडवर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू तयार होतो व पांढऱ्या ज्योतीने जळतो. पुढे टायरला घासून फिरणारा डायनॅमो आला. त्याचे प्रमाण माप सहा व्होल्ट, तीन वॅट, त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला. डायनॅमोचा एक गुण वर्गात जरूर सांगावा. वेग वाढला की विद्युतदाब वाढतो, पण त्याबरोबर प्रवाहाची वारंवारताही वाढते आणि वेटोळ्याचा विरोध वाढतो. म्हणून एका मर्यादेनंतर प्रवाह फारसा वाढत नाही. म्हणजे दिवा आपोआप आवरलेला! शिवाय बल्बमधून निघणारा प्रकाश जेमतेम काही दशक ल्यूमेन. तो वाया घालवणे परवडणारे नव्हते, म्हणून भिंग आणि परावर्तक रस्त्याकडेच वळवलेले असत.

जर्मनीत तर नियमच होता: दिव्यापासून पाच मीटरवर झोताचा मध्य दिव्याच्या उंचीच्या निम्म्यावर आला पाहिजे. दिवा ८० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर पाच मीटरवरच्या भिंतीवर मध्य ४० सेंटिमीटरवर. समरूप त्रिकोणांनी पाहा, तो जमिनीला दहा मीटरवर टेकतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने तेथे पोहोचायला सुमारे अडीच सेकंद लागतात.

१९९३ मध्ये नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला, त्यातून पांढरा एलईडी आला (२०१४ चे नोबेल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना याच निळ्या दिव्यासाठी मिळाले) आणि काटकसरीची ती सक्ती संपली. मुठीत मावणारा दिवा आता हजार ल्यूमेन देतो. पण बाजारातले बरेचसे दिवे म्हणजे हँडलला बांधलेली बॅटरीच, झोत गोल. माझ्या मते दोष एलईडीचा नाही, भिंगाचा आहे. इतक्या लहान उगमाचा प्रकाश हवा तसा वळवणे उलट सोपे.

गोल झोत नुसता खाली वाकवून भागत नाही. वरच्या नियमाप्रमाणे झोत ४.६ अंश खाली वाकतो. झोताचा एकूण कोन ३० अंश असेल, तर त्याची वरची कड क्षितिजाच्या दहा अंश वरच राहते. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक कसोटी आहे: दिव्यापुढे ८ मीटर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपता कामा नये. उजवीकडे, कारण समोरचा आपल्या उजव्या हाताने जातो. हा नियम मोटारींचा, सायकलला लागू नाही; पण मोजून पाहायला काय हरकत आहे? दिव्यापासून तो डोळा क्षितिजाच्या फक्त पाच अंश वर येतो, म्हणजे झोताच्या आतच. ट्रकच्या दिव्यांना वरच्या बाजूने काळा रंग फासत, तसा उपाय येथे करून प्रकाश कमी होईल, झोताची दिशा बदलणार नाही. वरची कड क्षितिजावर आणायची तर दिवा पंधरा अंश वाकवावा लागतो. मग मध्य तीन मीटरवरच जमिनीला लागतो. सावकाश जाणाऱ्याला तेवढे चालते, आणि तेव्हा दिव्याची सर्वांत मंद पायरीही पुरते.

अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. वयस्कर डोळ्यात प्रकाश जास्त विखुरतो, मोतीबिंदू असेल तर आणखीच. नियमातली दीड मीटर उंची मोठ्या माणसाची आहे. पहिलीतल्या मुलाचे डोळे साधारण मीटरभर उंचीवर असतात. पाच मीटरवरून त्याच्याकडे पाहणाऱ्या गोल झोताच्या कडेपासून नव्हे, जवळजवळ मध्याच्या दिशेनेच ते सात अंशांवर सापडतात.