देवगिरीचा हिशेबनीस आणि ५०४० ताना

१/८
स्ट्रीमिंग सेवेवरून ‘कोणतेही एक गाणे’ काढून देणारी प्रोग्रॅमिंग लायब्ररी लिहिणे वाटते तितके सोपे नाही. स्पॉटिफायची एपीआय शोध घेऊ देते. संपूर्ण संग्रहातून यादृच्छिक गाणे मागण्याची सोय देत नाही. म्हणून अशा लायब्ररी एखादे अक्षर शोधतात आणि निकालांतील कुठलेतरी गाणे उचलतात.

२/८
अर्थात निवड होते ती शोधयंत्राने पुढे केलेल्या गाण्यांतूनच. बाकीची अंधारात राहतात. प्रत्येकाला समान संधी द्यायची, तर आधी प्रत्येकाला क्रमांक हवा. स्वरांच्या बाबतीत हे काम १३व्या शतकातच झाले होते, आणि तेही जालन्यापासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर, देवगिरीत.

३/८
यादव राजा दुसरा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले. शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी आणि ‘संगीतरत्नाकर’ या सात अध्यायांच्या ग्रंथाचा कर्ता.

४/८
पहिल्याच अध्यायात हिशेबनीस दिसतो. सात स्वर, प्रत्येक एकदाच, किती क्रमांनी मांडता येतील? ७×६×५×४×३×२×१, म्हणजे ५०४०. क्रम मोडलेल्या या मांडणीला ‘कूटतान’ म्हणतात.

५/८
या सर्व ताना ठरावीक नियमाने ओळीने लिहिणे म्हणजे ‘प्रस्तार’. तीन स्वरांचा प्रस्तार असा:
१. सा रे ग
२. रे सा ग
३. सा ग रे
४. ग सा रे
५. रे ग सा
६. ग रे सा

६/८
खरी करामत पुढे आहे. क्रमांकावरून तान काढणे म्हणजे ‘नष्ट’. तानेवरून क्रमांक काढणे म्हणजे ‘उद्दिष्ट’. दोन्हींसाठी पूर्ण यादी लिहावी लागत नाही. ‘खंडमेरू’ हा आकड्यांचा तक्ता पुरतो.

७/८
तीन स्वरांसाठी त्याचे स्तंभ: १ | ०, १ | ०, २, ४. चौथी तान हवी? ४ = १+१+२. शेवटच्या स्तंभात २ दुसऱ्या घरात आहे. म्हणून सा-रे-ग मधील शेवटून दुसरा स्वर, रे, अखेरीस जातो. उरले सा-ग. मधल्या स्तंभातील १ हाही दुसऱ्या घरात. म्हणून सा त्याच्या आधी येतो. उरला ग. उत्तर: ग सा रे.

८/८
कूटतान म्हणजे राग नव्हे. रागांसाठी शार्ङ्गदेवाने स्वतंत्र अध्याय लिहिला. पण १ ते ५०४० मधला कोणताही आकडा उच्चारा, त्याची तान मिळतेच. कोणती लोकप्रिय, कोणती विस्मृत, हे खंडमेरू विचारत नाही. आज कोट्यवधी गाणी हाताशी असूनही श्रोत्याला नेमकी हीच हमी मिळत नाही.