तांबड्या समुद्रात मुकी झालेली तार

31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरात 27व्या देशी पलटणीने बंड केले. ही खबर लंडनला कळवायची तर बोटीच्या टपालाशिवाय सोय नव्हती, आणि त्यात महिना सहज जाई. डिसेंबरात शहर पुन्हा उठले. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला हद्दपार केले. देशभरच्या अशा धास्तीतूनच लंडनने समुद्राखालून हिंदुस्थानपर्यंत तार टाकायचा निर्णय उचलून धरला. तार टाकणाऱ्या कंपनीच्या 8 लाख पौंडांच्या भांडवलावर सरकारने साडेचार टक्क्यांची हमी दिली. वर्षाला 36,000 पौंड, 50 वर्षे, तार चालो वा न चालो.

1859 मध्ये सुएझ ते एडन तार पडली. तिच्या विद्युत चाचण्या वेर्नर सीमेन्स यांच्याकडे होत्या. कामावर जाताना एप्रिलमध्ये ते कैरोजवळच्या पिरॅमिडवर चढले, तेव्हा वाळूचे वादळ सुटले होते. वर केलेल्या बोटाच्या टोकाशी सू-सू आवाज येऊ लागला. त्यांनी दारूच्या बाटलीला ओला कागद गुंडाळून तिच्यात वीज साठवली आणि ठिणग्या काढून दाखवल्या. ही हकीकत त्यांनी 1860 मध्येच एका शास्त्रीय नियतकालिकात छापली. आठवणींचे पुस्तक 1892 चे, म्हणजे तीस वर्षांनंतरचे. म्हणून दोन्हींत मी आधी 1860 चा लेख धरतो.

पिरॅमिडवर ठिणगी डोळ्यांना दिसत होती. तारेतली गळती मात्र फक्त काट्याच्या हालचालीवरून ओळखायची होती, आणि तेव्हा विद्युतरोध मोजायला सर्वांनी मानलेले एककच नव्हते. सीमेन्स यांनी पाऱ्याच्या स्तंभाचे एकक सुचवले तेही 1860 मध्ये: एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाचा, शून्य अंशावर. त्या ‘शून्य अंशावर’ या शब्दांना माझ्या मते फार मोल आहे. तारेवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टण होते. गटापर्चा तापला की त्याची वीज अडवण्याची ताकद झपाट्याने घटते. इंग्लंडच्या थंडीत घेतलेला आकडा तांबड्या समुद्राच्या उन्हात घेतलेल्या आकड्याशेजारी ठेवून काहीच कळत नाही. त्याच वर्षी सीमेन्स बंधूंनी आपली पद्धत जाहीरपणे मांडली. त्याच पद्धतीने रंगून-सिंगापूरसाठी बनवलेल्या तारेची तपासणी 75 अंश फॅरनहाइटच्या पाण्यात ठेवून झाली.

तांबड्या समुद्रातल्या तारेला या पद्धतीचा उपयोग झाला नाही. कराचीपर्यंतचा भाग 1860 च्या सुरुवातीला पडला, तोवर आधी टाकलेले तुकडे मुके होऊ लागले होते. तार फार ताणून टाकलेली होती, प्रवाळाच्या कड्यांवर ती लोंबकळत राहिली, बाहेरच्या लोखंडी तारा गंजल्या आणि शिंपल्यांच्या भाराने ती तुटली. चौकशी समितीचा अहवाल 1861 मध्ये आला. त्यातला एक आकडा सगळे सांगून जातो: तोवर टाकलेल्या 11,364 मैल समुद्री तारांपैकी जेमतेम 3,000 मैल चालू होत्या.

आज उच्चदाबाच्या केबलची पीडी चाचणी, म्हणजे वेष्टणातल्या सूक्ष्म पोकळीत होणाऱ्या विद्युतस्रावाची मोजणी, पिकोकुलंबमध्ये होते. कारण न सापडणारा आकडा आला की जाणकार आधी केबल सोडवून नुसत्या चाचणीच्या सेटला दाब देतात. आकडा तसाच राहिला तर दोष सेटमध्ये, एखाद्या टोकदार कडेवरच्या कोरोनात, सैल अर्थिंगमध्ये किंवा शेजारी चाललेल्या वेल्डिंगमध्ये शोधतात. आकडा गेला तरी केबलवर ठपका लगेच नाही. टोकांची जोडणी पुसून, कोरडी करून पुन्हा मोजतात. आकडा कोणत्या परिस्थितीत घेतला हे त्याच्याशेजारी लिहायचे, ही शिस्त त्या बुडालेल्या तारांनी लावली.

कोल्हापूरचे चिमासाहेब 1869 मध्ये कराचीतच वारले. पुढच्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाज मुंबईहून एडनकडे नवी तार सोडत निघाले, आणि 23 जून 1870 रोजी लंडन आणि मुंबई समुद्री तारेने बोलू लागली. जुन्या तारेच्या हमीचे पैसे मात्र सरकार 1908 पर्यंत भरत होते.