सामुदायिक बिनतारी जाळे : नोडसाठी उपकरणांची निवड

वस्तीतील लोकांनी स्वतः उभारलेल्या व सांभाळलेल्या बिनतारी जाळ्यातील प्रत्येक केंद्रास नोड म्हणतात. राउटर, अँटेना व वीजपुरवठा हे त्याचे मुख्य भाग होत. बर्लिनमधील ‘फ्रायफुंक’सारख्या जाळ्यांत सुरुवातीला लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी (२००२) हा घरगुती राउटर लोकप्रिय ठरला. त्यातील लिनक्सवर आधारित प्रणालीचा स्रोत खुला झाल्यामुळे २००४ मध्ये राउटरसाठी खुली प्रणाली तयार करणारा ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला. पुढे याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत फ्लॅश ४ वरून २ आणि रॅम १६ वरून ८ मेगाबाइटवर आली. नाव तेच राहिले, पण आतली जागा निम्मी झाली. म्हणून खरेदी करताना मॉडेलच्या नावाबरोबर तळाच्या लेबलावरील आवृत्ती क्रमांक वाचणे अत्यावश्यक असते. अशा खुल्या प्रणालीसाठी आज राउटरमध्ये किमान १६ मेगाबाइट फ्लॅश व १२८ मेगाबाइट रॅम असावी.

दोन दूरच्या छतांमधील दुव्यासाठी दिशिक, तर आसपासच्या घरांसाठी सर्वदिशिक अँटेना योग्य ठरते. छतावरील उपकरण पाऊस-उन्हात टिकणारे व नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे असल्यास वेगळी वायर ओढावी लागत नाही. सुटे भाग सहज मिळणारे व वस्तीतल्या माणसाला स्वतः दुरुस्त करता येणारे उपकरणच जाळे खऱ्या अर्थाने लोकांच्या हाती ठेवते.