पुनर्जन्म आणि ख्रिस्ती श्रद्धा

मेलेल्या माणसाचा आत्मा नव्या देहात जन्म घेतो, हे मत ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही. माणूस एकदाच मरतो आणि मग त्याचा न्याय होतो, असे इब्री लोकांस पत्रात (9:27) सांगितले आहे. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने (परिच्छेद 1013) त्याच आधारावर पुनर्जन्म नाकारला. खरा अडसर मात्र एका वचनापेक्षा खोल आहे. ख्रिस्ती माणसाला त्याच देहासह पुनरुत्थान हवे असते, देहातून सुटका नव्हे. आणि त्याचे तारण कर्म फेडून नाही, तर कृपेने होते.

पुनर्जन्माचे समर्थक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे बोट दाखवतात. येशूने त्याला जुन्या करारातील संदेष्टा एलीया म्हटले (मत्तय 11:14). पण आपण एलीया नाही, असे योहानानेच सांगितले (योहान 1:21). शिवाय बायबलनुसार एलीया मेलाच नाही, तो जिवंतपणी स्वर्गात घेतला गेला. मग त्याचा पुनर्जन्म व्हायचा कसा?

आरंभीच्या चर्चमधील धर्मशास्त्रज्ञ ऑरिजेन याचे नावही नेहमी पुढे केले जाते. आत्मे देहाआधीपासून असतात, असे तो मानी. मत्तयावरील भाष्यात मात्र त्याने पुनर्जन्म नाकारला आहे. म्हणून ‘चर्चने पुनर्जन्माची शिकवण दडपली’ ही लोकप्रिय कथा टिकत नाही.

कोकणस्थ ब्राह्मण कुळातील नीलकंठशास्त्री गोऱ्हे 1848 मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्म व कर्म यांचे खंडन शास्त्र्यांच्याच परिभाषेत केले. मिशनऱ्यांच्या बऱ्याच पत्रकांपेक्षा ते वजनदार आहे.

लोकांच्या मनातले चित्र निराळे आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या 2021 मधील अहवालात भारतातील 29 टक्के ख्रिस्ती पुनर्जन्म मानतात असे आढळले. हिंदूंमध्ये हे प्रमाण 40 टक्के होते. तरीही 2 नोव्हेंबरला अंधेरी-बोरिवलीकडचे कॅथलिक दफनभूमीत फुले ठेवून मेणबत्त्या लावतात आणि मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात, तेव्हा गृहीत धरलेले असते ते पर्गेटरीतले, म्हणजे मृत्यूनंतरचे, शुद्धीकरण. गेलेली व्यक्ती तीच राहते आणि पृथ्वीवर दुसऱ्या कुशीत परतत नाही. प्रॉटेस्टंट पर्गेटरीही मानत नाहीत.