डेर उंटरगांग
एप्रिल १९४५मधील बर्लिनच्या बंकरात हिटलरचे अखेरचे दिवस दाखवणारा जर्मन चित्रपट (२००४, दिग्दर्शक ओलिव्हर हिर्शबीगेल). ब्रूनो गान्झ यांनी साकारलेला, थरथरत्या हातांचा, सेक्रेटरीशी मायेने बोलणारा हिटलर करुणा जागवतो. हुकूमशहाला माणूस म्हणून दाखवल्यानेच त्याचे गुन्हे उमगतात, हे समर्थन योग्यच आहे. पण इथल्या करुणेचे मूळ अभिनयापेक्षा काळाच्या निवडीत आहे. जवळजवळ केवळ पराभवाचेच दिवस पडद्यावर आल्याने छळछावण्यांतील बळी दिसतच नाहीत. साठ लाख ज्यूंची हत्या चित्रपटाच्या अगदी शेवटापुरती उरते. प्रचारमंत्री गोबेल्स दांपत्याच्या सहा मुलांचा अंत कॅमेरा सविस्तर टिपतो, हिटलरची आत्महत्या मात्र बंद दारामागे राहते. दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी या संकोचावर टीका केली आणि ती रास्त आहे.