पांढऱ्या फुलाची पऱ्हाटी

वऱ्हाडच्या कापसाचा विषय निघाला की एक जुना आरोप हटकून पुढे येतो: इथल्या शेतकऱ्याने लांब धाग्याचा चांगला कापूस भेसळ करून बुडवला. आरोप मूळचा लँकेशायरच्या गिरण्यांचा आणि त्यांच्यासाठी खटपटणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांचा. पुढे आपल्याकडचे शहाणेही तोच उगाळू लागले. नांदगाव खंडेश्वर, चांदूर, धामणगाव या काळ्या कोरडवाहू पट्ट्याचा हिशेब शेताच्या बांधावरून मांडला, तर तो टिकत नाही. जुन्या ‘बनी’ जातीची पऱ्हाटी पिवळ्या फुलाची. तिचा धागा तलम, पण शंभर शेर कापूस रेचला तर रुई तीस शेरही निघायची नाही. ‘जरी’ म्हणजे आखूड धाग्याच्या जातींचे मिश्रण. त्यातल्या पांढऱ्या फुलाच्या, रोझियम म्हणून पुढे नावाजलेल्या झाडाचा रुईचा उतारा शेकडा चाळीसच्या आसपास, आणि पावसाचा लहरीपणाही ते अधिक सोसणारे. धाग्याच्या लांबीचा वेगळा भाव हाती पडत नसेल, तर कुणब्याने बनी पेरावी कशासाठी?

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे आला, 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत कापसाचे भाव भडकले, 1867 मध्ये बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ हा मालाचा प्रकारच ठरला. रेल्वेमागोमाग वाफेवरचे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, आणि बियाणे मिसळण्याचे मोठे कारण तेच. घरच्या रेच्यावर सरकी निघत होती तोवर कोणत्या झाडाची सरकी कुठली, हे घरच्या बाईला ठाऊक असे. कारखान्यात दहा गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला आणि तीच सरकी पुढच्या हंगामात तिफणीमागून मातीत गेली. भेसळ झाली, हे खरेच. पण तिचा उगम शेतकऱ्याच्या लबाडीत शोधणे म्हणजे यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारणे होय.

यावर आक्षेप असा की शेतकरी सावकाराच्या कह्यात होता, तेव्हा त्याने ‘निवड’ केली असे म्हणायचे कसे? आक्षेप वजनदार आहे. वेचणी होताच माल विकणे भाग असलेला माणूस चांगल्या भावासाठी थांबू शकत नाही. पण त्यामुळे जास्त रुईचे झाड त्याच्यासाठी अधिकच शहाणपणाचे ठरते. शिवाय खुद्द सरकारी शेतीखात्यानेही शेवटी हेच मान्य केले. विसाव्या शतकाच्या आरंभी क्लाउस्टन या अधिकाऱ्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात तुलना केली, तेव्हा एकरी उत्पन्नात आखूड धाग्याचा कापूस वरचढ निघाला आणि खातेच रोझियमचे निवडक बियाणे वाटू लागले. त्याला गिऱ्हाईक होते जपान. बाजारातली लूट थांबवण्याचे प्रयत्नही याच मुलखात आधी झाले: कारंज्याचा नियंत्रित बाजार 1886 चा, वऱ्हाडचा बाजार कायदा 1897 चा. माप आणि दलाली यांना या कायद्याने शिस्त लागली. धाग्याच्या लांबीला दाम मिळवून देणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

पुढे 1970 मध्ये संकरित एच-4 आला, 2002 मध्ये बीटी आला, आणि देशी पऱ्हाटी, पांढऱ्या फुलाची काय नि पिवळ्या फुलाची काय, बांधापल्याड गेली. रसशोषक किडींना ती बीटी संकरापेक्षा चांगली तोंड देते आणि तिचे बियाणे घरचे ठेवता येते, म्हणून ती परत आणा, असे 2017 च्या गुलाबी बोंडअळीनंतर अनेकजण सांगू लागले. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने सुधारित देशी वाण काढलेही आहेत. ही मागणी रास्त आहे, पण ती शेतकऱ्याकडे करून उपयोग नाही. देशी कापसाचा वेगळा ढीग, वेगळे जिनिंग आणि वेगळा भाव बाजार समितीत आधी दिसू द्या. पेरणीचा हिशेब नांदगावच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.